पंपाचा तक्ता आणि उरलेले दोन महिने

रावेर तालुक्यातील एका वाचकाच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात झाली. शुद्धीवर आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा आहे; केळीचा घड उतरवायचा विळाही त्यांना धरवत नाही. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारा पंप, म्हणजे हार्ट-लंग मशीन, चालवण्यात चूक झाली असावी, तर पोलिसांत जावे का, असे ते विचारतात.

पोलिसांचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. आपण पत्रात ओघात लिहिले आहे की शस्त्रक्रियेला बावीस महिने झाले आणि ‘चौकशी चालू आहे’ एवढेच उत्तर रुग्णालयाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहिले. अशा उत्तरांनी मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. ही दोन वर्षे डिस्चार्जपासून धरावीत असा युक्तिवाद करता येईल, पण हातात दोन महिने असताना त्या वादात शिरण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजा. विलंब माफ करण्याची तरतूद आहे, मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबून राहिलो हे पुरेसे कारण मानले जाईल, याची हमी मी देणार नाही.

आपल्याजवळ फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. हृदय थांबवलेले असताना रक्तदाब, रक्तप्रवाह आणि तापमान किती होते, हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिल्यावर रक्त गोठण्याचा वेळ पुरेसा लांबला होता का, या नोंदी पर्फ्युजनिस्टच्या, म्हणजे हे मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या, तक्त्यात (पर्फ्युजन चार्टमध्ये) असतात, आणि तो आपण एकदाही मागितलेला नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि मागणी केल्यास 72 तासांत द्यायची असतात. तेव्हा वडिलांच्या सहीने, पर्फ्युजन चार्ट, भूलतज्ज्ञाची नोंद आणि संमतिपत्र यांचा स्पष्ट उल्लेख करून, आजच रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह मागणी पाठवा. तक्ता आला नाही तरी थांबू नका. तो हजर करण्याचा आदेश आयोगाकडे मागता येतो.

तक्त्यात काय निघेल, हे मी सांगू शकत नाही. महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चिमटा लावताना तिच्यातील चुन्याचा कण सुटून मेंदूत गेला, तरी पक्षाघात होतो आणि त्यात कोणाचीच चूक नसू शकते. म्हणून हृदयशल्यचिकित्सकाचे लेखी मत घ्यावे लागेल. फौजदारी बाजूने तर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानंतर ठळक, घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो.

आपण जळगाव जिल्ह्यात राहता, म्हणून तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगातच करता येते. नाशिकला खेटे घालावे लागणार नाहीत. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो; तसा निकाल मी अजून पाहिलेला नाही.

डिस्चार्ज कार्डाची घडी नेमकी पंप टाइमवर, म्हणजे मशीन किती मिनिटे चालले त्या आकड्यावर, पडली आहे आणि आपण पाठवलेल्या फोटोत तो आकडा 112 आहे की 172, हे मला वाचता आले नाही. मूळ कार्ड सपाट ठेवून त्याचे स्कॅनिंग करून घ्या.