तीन दिवसांचं कोकरू, पोट तटतटलेलं, पाजलेलं दूध पुढे सरकत नाही : मेटोक्लोप्रामाइड द्यावं का?

नाही भाऊ, पोटाची हालचाल वाढवायला देतात त्या मेटोक्लोप्रामाइडच्या भरवशावर राहू नका. वासरांवरच्या प्रयोगांत त्यानं चौथं पोट (पाजलेलं दूध जातं ते) लवकर रिकामं झाल्याचं दिसलं नाही; एरिथ्रोमायसिननं मात्र झालं, दर किलो वजनाला 8.8 मिलिग्रॅम, स्नायूतून. कारण ते अँटिबायोटिक असूनही पोटाच्या हालचालीला चालना देतं. पण ही मात्रा वासरांची आहे. कोकराला किती द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं, आणि आतडं अडलं असेल तर पोटाला जोर लावणारं कोणतंही औषध घातकच.

मुळात पोट कशामुळे थांबतं, ते पाहा. तोंडातून लाळ गळते, तोंड थंड लागतं, शेण पडलेलं नाही, असं असेल तर बहुतेक चीक उशिरा किंवा कमी मिळाला आणि आतड्यात कोलाय जंतूंचं विष पसरलं. तिथे अँटिबायोटिक आणि सलाइन आधी लागतं. पौषातल्या रात्री वावरात बसवलेल्या कळपात कोकरू गारठूनही असंच होतं. ताप मोजा : 37 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पोटात नळीनं दूध ओतू नका. गारठलेलं कोकरू पाच तासांपेक्षा मोठं असेल तर मात्र ऊब देण्याआधी डॉक्टरांकडून ग्लुकोज टोचून घ्या. गावात दवाखाना नसेल तर 1962 वर फोन करा, फिरतं पथक येतं.