वाकळीवरची मोकळी टीप

प्रश्न : ताई, लेकीच्या बाळासाठी साड्यांच्या तुकड्यांची वाकळ जोडली आहे. ३६ चौकोन, मध्ये धोतराचे दोन थर, खाली इचलकरंजीचा मांजरपाट. आता मशीनवर मोकळ्या हातानं नमुने भरायचे आहेत. प्रत्येक चौकोनात वेगळा नमुना चालेल का? आणि तुकड्यावर करून पाहिलं तर खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंताच होतोय. काय करू?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : वेगळे नमुने चालतील, शोभतीलही. पण ३६ नको, पाच पुरेत. आणि नमुना बदलला तरी टिपेची दाटी बदलू नका. हे मी माझी पहिली वाकळ बिघडवून शिकले. मधल्या चौकोनांत वाटाण्याएवढे दगडगोटे भरले आणि काठाला तळहाताएवढी वळणं घेतली. पलंगावर पसरली तर मधला भाग आकसलेला आणि काठ झालरीसारखा लाटा मारतोय! दाट टिपेखाली कापड ओढलं जातं, विरळ टिपेखाली ते तसंच राहतं. चार रात्री उसवत बसले होते. म्हणून सांगते, कुठलाही नमुना घ्या, दोन टिपांमध्ये साधारण दोन बोटांची जागा ठेवा. बाळाची वाकळ मऊही राहील.

गुंत्याचं बघू. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली उतरवलेत ना? उतरत नसतील तर टाक्याची लांबी शून्यावर आणा. मग मशीनचा पाय खाली-वर करणारा मागचा खटका बघा, तो खाली हवा. मोकळ्या टिपेचा पाय कापडाला नीट टेकत नाही, त्यामुळे खटका वरच राहिला तरी कळत नाही, आणि वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही. बहुतेक गुंते इथेच होतात. सुरुवातीला सुई एकदा खाली-वर करून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही दोरे धरून पहिले तीन-चार टाके घाला. पायटा एका लयीत चालू द्या, हात सावकाश फिरवा. हात झटकन ओढला की टाका लांबतो, सुई वाकते. इंचाला ८ ते १० टाके आले की हात बसला म्हणायचं.

नमुन्यांसाठी आपला कोल्हापुरी साज समोर ठेवा. चंद्र, बेलपान, कारलं, मासा, सगळं आहे त्यात. बेलपान तर एका रेघेत होतं : देठावरून वर जा, डावं पान, मधलं, उजवं, परत देठावर, आणि तोच देठ वळवून पुढच्या पानाकडे. आधी कागदावर पेन्सिल न उचलता वीसेक वेळा काढा. हाताला वाट पाठ झाली की सुईला सांगावं लागत नाही.

चारही थर चार-चार बोटांवर कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या आणि मधल्या चार चौकोनांपासून बाहेर निघा. माझी आजी काठापासून आत धावदोरा घालत यायची, पण ती प्रत्येक टाक्याला हातानं कापड सारखं करायची. मशीनला ते जमत नाही, ती झोळ पुढे ढकलत नेते. तो काठाकडे बाहेर निघून जाऊ दे, म्हणून मांजरपाट चारी बाजूंनी तीन इंच जास्त ठेवा. जादा कापड टिपा संपल्यावर कापा, मग गोट लावा.

शेवटी दोऱ्यांची टोकं नुसती कातरू नका. गाठ मारून हातसुईनं थरांच्या आत ओढून घ्या. तान्ह्याची बोटं बारीक असतात, सुटा दोरा त्यांत गुरफटतो.