पंखा फिरतो, पण फर्नेस पेटत नाही

मोटरहोमचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा, फर्नेस (गॅसवर चालणारा हीटर) असा अडला, तर लगेच त्याचा कंट्रोल बोर्ड बदलू नकोस. आधी बॅटरीचं व्होल्टेज मोज, तेही पंखा चालू असताना. माझ्या जुन्या मोटरहोममध्ये दुखणं बहुतेक वेळा तिथेच निघालं. १२ व्होल्टची बॅटरी साडेदहापर्यंत उतरली की पंखा मंदावतो, हवेच्या झोताने जुळणारा सेल (sail) स्विच जुळत नाही आणि बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. ठिणगीची टकटक ऐकूच येत नसेल, तर संशय इथेच.

टकटक होते पण पेटत नाही? मग गॅस नीट येतोय का, ते गाडीतली शेगडी लावून बघ, ज्योत निळी आणि स्थिर हवी. बाहेरच्या धुराड्यात कुंभारीण माशीचं मातीचं घरटंही तपास. अमेरिकेत उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते बऱ्याचदा सापडतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुदत संपलेला असेल, तर फर्नेस लावण्याआधी तो बदल. हे कळकळीने सांगतोय.