कपाटाचं दार आणि माझं पेन

"मॅडम, आधी हसणार नाही असं सांगा," म्हणत समुपदेशनासाठी आलेल्या त्या बाईनं मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोंचा एक वेगळा अल्बम होता. नाव होतं 'पुरावा'. आत ३१ फोटो, सगळे एकाच गोष्टीचे. ओट्याच्या वरचं कपाट आणि त्याचं सताड उघडं दार. एका फोटोत दाराच्या कोपऱ्याभोवती तिनं लाल गोल काढला होता. तिथं तिचं डोकं आपटलं होतं, दोनदा.

वय ४२, लग्नाला १६ वर्षं, नोकरी जबाबदारीची. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) नवरा कपाटातून वस्तू काढतो आणि दार तसंच ठेवून जातो, ही तक्रार. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. "इतक्या फालतू गोष्टीचा मला इतका राग का येतो? हात थरथरतात अक्षरशः. माझ्यातच काही बिघडलंय का?"

हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांत येतो. कुणाला गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलचा राग, कुणाला प्रवासात स्पीकरवर गप्पा मारणाऱ्यांचा, कुणाला लांबलचक मेसेजला नुसतं 'ओके' पाठवणाऱ्यांचा. मोठं दुःख सांगताना माणसं माझ्याकडे बघून बोलतात. हे असलं सांगताना मात्र नजर खाली जाते, जणू चोरीच पकडली गेली आहे.

आता माझी चूक सांगते. आमच्या व्यवसायाला खणायची खोड आहे. दार म्हटलं की दारामागे काय, हे शोधायला आम्ही कुदळ घेऊन तयार. पहिली दोन सत्रं मी तेच केलं. नवरा एरवी लक्ष देतो का? लहानपणी घरात तुमचं कुणी ऐकायचं का? ती सोशिकपणे उत्तरं देत राहिली. नवरा बरा माणूस होता. आजारपणात रात्र रात्र जागणारा. लहानपणही ठीकठाक. माझ्या हाती काही लागेना, तरी मी खणत होते.

तिसऱ्या सत्रात ती मध्येच थांबली. "मॅडम, रागावू नका. तुम्ही त्या पेनाचं बटण सारखं दाबता. टिकटिक, टिकटिक. दोन आठवडे मी सहन करतेय."

मी हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावरच होता.

"मला खरंच कळत नव्हतं," मी म्हणाले आणि पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

"कळत नव्हतं?" तिच्या चेहऱ्यावर निव्वळ अविश्वास. "मला वाटलं, माझं बोलणं लांबतंय म्हणून तुम्ही मुद्दाम करताय. घाई करा असं सुचवताय."

माझ्या दोन सत्रांच्या खोदकामातून जे निघालं नाही, ते त्या टिकटिकीनं दोन मिनिटांत समोर आणलं. त्रास आवाजाचा होताच, आणि तो खरा होता. पण त्याच्यावर 'मुद्दाम' हा शब्द बसला होता, आणि सगळं वजन त्या शब्दाचं होतं.

तो त्रास खरा होता, हे मी जोर देऊन सांगते. ताणाचा अभ्यास पूर्वी मोठ्या घटनांभोवती फिरायचा. होम्स आणि राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, असे. उघड्या दाराला त्यात जागा नव्हती. पुढे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या कटकटींचीच प्रश्नावली केली, ११७ कटकटींची. १०० मध्यमवयीन माणसांकडून ती कित्येक महिने भरून घेतली. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आला तो असा, की माणसाच्या मानसिक तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारीक कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे दाराचा त्रास हा दाराचाच असू शकतो?"

असू शकतो. बुटातला खडा टोचतो तेव्हा आधी बूट काढायचा असतो.

मग आम्ही 'मुद्दाम'कडे वळलो. आपण दार उघडं ठेवलं तर फोन वाजला होता, घाई होती, हात भरलेले होते. दुसऱ्यानं ठेवलं तर तो बेफिकीर आहे. स्वतःला परिस्थितीची सवलत आणि समोरच्याला स्वभावाचा ठपका, हा हिशेब आपण सगळेच करतो; मानसशास्त्रात त्याचा भरपूर अभ्यास झाला आहे. मी तिला एवढंच करायला सांगितलं, की फोटो काढायचा असेल तर काढा, पण त्याखाली त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. पुढच्या वेळी चार वाक्यं आली. 'मी मोलकरीण आहे का', 'शंभरदा सांगितलंय', 'याला माझी किंमत नाही'. चौथ्या फोटोखाली नुसतं 'दार'. त्या दिवशी झोप झाली होती, असं ती म्हणाली.

एका सत्राला नवरा आला. फोटो पाहून तो खरोखर चक्रावला. "इतक्या वेळा? मला वाटायचं मी लावतो." मग जरा धीर करून त्यानं आपलं गाऱ्हाणं मांडलं. "ही दुसऱ्या खोलीतून बोलते. मला अर्धंच ऐकू येतं. उठून जावं तर म्हणते, काही नाही, झालं." तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. हे तिला सोळा वर्षांत एकदाही जाणवलं नव्हतं!

उपाय अगदी साधे निघाले. कपाटाच्या दोन दारांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या. मला याचा अजिबात कमीपणा वाटत नाही. जिथे स्क्रू-ड्रायव्हर पुरतो तिथे संवादकौशल्य कशाला? तिसरं दार जुनं होतं, त्याला त्या बसेनात. त्यासाठी ठरलं की तिनं फक्त 'दार' म्हणायचं. पुढे वाक्य नाही, इतिहास नाही. आणि त्यानं 'हो हो' न म्हणता उठून लावायचं.

या एका शब्दामागे एक जुना प्रयोग आहे. ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. लोकांना त्रासदायक गोंगाट ऐकवला. काहींना एक बटण दिलं, की दाबलं तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा चिकाटीनं टिकले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज दोघांना तेवढाच होता, पण तो थांबवता येईल ही खात्री एकांनाच होती. तिला 'दार' हे तसं बटण मिळालं.

"पण मनातलं ओरडून मोकळं झालेलं बरं ना?" असं तिनं विचारलं होतं. नाही. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट सगळ्यांत जास्त राहिला. काहीच न करता नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक निघाले.

प्रत्येक चिडचिड इतकी सरळ नसते, हेही खरं. चिडखोरपणा अचानक सुरू झाला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य कधीकधी रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं आणि थायरॉइडही असं करू शकतं. चावण्याचा, श्वासाचा, टिकटिकीचा आवाज असह्य होऊन जेवणाच्या टेबलावरून उठावं लागत असेल तर त्याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ पासूनचं आहे आणि त्यासाठी वेगळी मदत मिळते. आणि घरात शिवीगाळ, धाक किंवा मारहाण असेल तर त्याला नुसती कटकट समजू नका.

चार महिन्यांनी विचारपूस करायला मी तिला फोन केला. बरं चाललंय म्हणाली. अल्बम आहे अजून, पण नवा फोटो नाही. बोलता बोलता तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "अहो, दार!"

"ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"आतल्या खोलीत," ती म्हणाली आणि गप्प झाली. मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि आत जाणारी पावलं.