नंबर उणे 7, कॉर्निया 495 मायक्रॉन, ॲलर्जीने डोळे खाजतात. वय 23, लग्नाआधी लॅसिक करायचंय. धोका कशाने वाढतो?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दादरला लॅसिकआधीच्या तपासण्या करते. तुम्ही जाडीबद्दल जास्त विचारलंय, पण मला खाजेची काळजी अधिक वाटते, कारण खाजेपायी डोळे चोळले जातात आणि त्याने कॉर्निया कमकुवत होतो.

तरी आधी जाडीचा हिशेब. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर, सरासरी 540 मायक्रॉनचा असतो. लॅसिकमध्ये वरचा साधारण 110 मायक्रॉनचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलतात आणि खालचा भाग लेझरने झिजवतात. एका नंबरमागे ढोबळमानाने 14 मायक्रॉन. तुमच्या सात नंबरांचे 98 गेले की खाली उरतात 287. निदान 250 उरावेत असा जुना दंडक आहे, म्हणून 'होऊन जाईल' म्हणणारे भेटतील. पण बरेच सर्जन 300 च्या खाली जात नाहीत. फ्लॅप आणि झीज मिळून जाडीच्या 40 टक्क्यांवर गेली तरी धोका वाढतो, आणि तुमचे 42 होतात. असा कमकुवत कॉर्निया पुढे फुगू लागला तर त्याला एक्टेशिया म्हणतात. नंबर परत येतो आणि मग चष्म्यानेही नजर धड साफ होत नाही.

आता खाज. परळहून एक मुलगा आला होता, तुमच्याच वयाचा. फॉर्मवर 'डोळे चोळता का?' समोर 'नाही' लिहिलेलं. बाहेर बाकावर बसून मात्र बोटांच्या पेरांनी डोळे रगडत होता. जाडी उत्तम, 530. पण पेंटाकॅमच्या, म्हणजे कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या यंत्राच्या, नकाशात डाव्या डोळ्याचा खालचा भाग जास्त उंचावलेला: केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे सुळक्यासारखा येण्याच्या आजाराची, सुरुवात. डॉक्टरांनी लॅसिकला नाही म्हटल्यावर तो चिडून निघून गेला. सहा महिन्यांनी आला तेव्हा तो उंचवटा वाढला होता आणि क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, करावं लागलं. त्या डोळ्यावर लेझर चालवला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून छळतो. म्हणून विचारते, घरात कोणाला केराटोकोनस आहे का? नंबर वर्षभर स्थिर आहे का?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी सॉफ्ट लेन्स निदान दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट तीन-चार आठवडे बंद ठेवा. नाहीतर नकाशा खोटा येतो. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसून डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार घ्या, लॅसिकनंतर कोरडेपणा वाढतो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार किंवा पूर्वी डोळ्याला नागीण झाली असेल, गरोदरपण असेल, तर ते लपवू नका. उणे 7 ला डोळ्याचा पडदाही थेंब टाकून तपासायलाच हवा. त्या दिवशी सोबत कोणीतरी आणा, थेंबांनंतर लोकलच्या गर्दीत एकटीने चढणं कठीण जातं.

पीआरके या दुसऱ्या लेझर ऑपरेशनमध्ये फ्लॅप नसतो, त्यामुळे जाडी वाचते. पण इतक्या मोठ्या नंबरला कॉर्नियावर धूसरपणा येण्याची शक्यता जास्त असते, आणि नकाशा संशयास्पद असेल तर तोही नको. तुमच्या आकड्यांना मी आयसीएलबद्दल विचारायला सांगेन. त्यात कॉर्निया न झिजवता डोळ्यात लेन्स बसवतात, फक्त आत पुरेशी जागा हवी. तीही मोजता येते.

पेंटाकॅमची रंगीत प्रिंट मागून घ्या आणि दुसऱ्या कॉर्नियातज्ज्ञाला दाखवा. लग्नाची तारीख त्यांना आधी सांगू नका. खाज सुटली की चोळू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा, आणि ॲलर्जीचे थेंब याच आठवड्यात लिहून घ्या.