बाबांना उजवीकडचं दिसत नाही, चष्मा बदलूनही फरक नाही: माझं उत्तर

तुमच्या बाबांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो, आमटीची वाटी हात लागून कलंडते, पेपर वाचताना लांब शब्दाचं शेपूट गिळलं जातं आणि चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे. तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या अण्णांचीच (सासरे) केस कुणी लिहिलीय असं वाटलं. मी डॉक्टर नाही, घरात हे निस्तरलेली सून आहे, तेवढ्याच बेताने घ्या. आणि हे आजच अचानक सुरू झालं असेल तर वाचत बसू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा. तो स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटणं) असू शकतो आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

बाबा ‘उजवा डोळा गेला’ म्हणतात ना? तो डोळा झाकून डाव्याने बघायला सांगा. तरीही उजवीकडचं गायब असेल, तर दोष बहुतेक डोळ्यात नाही. दोन्ही डोळ्यांतल्या अर्ध्या-अर्ध्या तंतूंची वाटेत अदलाबदल होते आणि उजवीकडचं सगळं जग, डोळा कुठलाही असो, मेंदूच्या डाव्या भागात मागे पोचतं. अण्णांना स्ट्रोक तिथेच आला होता. हातपाय ठीक, बोलणं ठीक, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

आमचे महिने खाल्ले ते एका नामांकित इस्पितळाच्या नेत्रविभागाने. दर खेपेला तोच अक्षरांचा तक्ता. अण्णा थोडे अडखळत शेवटची ओळ वाचायचे, कागदावर ६/६ पडायचं, ‘नॉर्मल’. अहो, तो तक्ता फक्त नजरेचा मधला ठिपका मोजतो, आणि या प्रकारात मधलं बऱ्याचदा शाबूत राहतं! मग प्रोग्रेसिव्ह चष्मा करून बघा, मग मोतीबिंदू काढून टाकू. मेंदूचं विचारलं की ‘न्यूरोला दाखवा’, न्यूरोवाले म्हणणार ‘डोळ्यांचं तिकडेच’. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरणीने समोर बसून, एक डोळा झाकायला लावून, दोन्ही बाजूंना बोटं हलवून पाहिली. मिनिटभराचं काम. नंतरच्या फील्ड टेस्टच्या (नजर चहूबाजूंना कुठवर पोचते ते मोजणारी तपासणी) कागदावर दोन्ही डोळ्यांचा उजवा अर्धा भाग काळा. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात तात्सुजी इनोउये हा जपानी डॉक्टर जखमी सैनिकांचं पेन्शन ठरवायला नजरेचं हेच क्षेत्र मोजत होता आणि त्यावरून मेंदूतला नकाशा मांडत होता. इथे आम्हाला काउंटरवर ‘पेरिमेट्री (म्हणजे तीच फील्ड टेस्ट) लिहून दिलेली नाही’ म्हणून परत पाठवलं. असो.

‘काळं दिसतं का?’ असं बाबांना विचारू नका, ते नाही म्हणतील. तुमच्याही प्रत्येक डोळ्यात, नस जिथून बाहेर पडते तिथे आंधळा ठिपका आहे. कागदावर सात सेंटिमीटर अंतराने डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका काढा, डावा डोळा मिटा, उजव्याने फुलीकडे बघत कागद पाव मीटरच्या आसपास मागेपुढे करा. ठिपका गायब होतो आणि तिथे भोक नाही, कागदच दिसतो. मेंदू रिकामी जागा दाखवतच नाही. म्हणून अण्णांवर ‘नीट बघून चाला’ असं ओरडणं फुकट होतं.

सुधारणा व्हायची ती जास्त करून पहिल्या काही महिन्यांत होते. पुढे मान आणि नजर मुद्दाम उजवीकडे टाकायची सवयच कामी येते. ‘गेलेली नजर परत आणतो’ म्हणणाऱ्या महागड्या कॉम्प्युटर कोर्सला माझ्या मते पैसे घालू नका (कुणाला गुण आला असेल तर आनंदच आहे). वाचताना शब्दाच्या शेवटाखाली बोट ठेवून नजर आधी तिथे न्यायची. अण्णांना पेपर आडवा धरून, ओळी वरून खाली येतील असाही जमला. रस्त्यात तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला चाला. स्कूटरची किल्ली मात्र काढून घ्या, यावर आमच्याकडे मोठं भांडण झालं तरी मी हटले नाही. आणि नाटकाचं तिकीट काढाल तेव्हा उजव्या टोकाची खुर्ची घ्या, म्हणजे अख्खा रंगमंच त्यांच्या डावीकडे येतो.