गरोदरपणात एमआरआय : वाचकांचे प्रश्न, टेक्नॉलॉजिस्टची उत्तरं

गरोदर बाईला एमआरआय लिहून दिला की घरात नको त्या गोष्टीची भीती शिरते आणि विचारायच्या गोष्टी विचारायच्या राहतात. आलेल्या पत्रांमधूनही तेच दिसतं. एक आधी सांगून ठेवते : मशीन चालवणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. तपासणी करायची की नाही, हे तुमचे प्रसूतितज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट ठरवतात.

पाचवा महिना चालू आहे. एमआरआयच्या किरणांनी बाळाला अपाय होतो का? (धायरी)

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओ लहरी असतात.

दिवस गेलेत हे माहीत नसताना सहाव्या आठवड्यात कमरेचा एमआरआय झाला. गर्भ पाडून टाकावा, असं सासरी चाललं आहे. (भोसरी)

एमआरआय झाला, एवढ्या कारणावरून मुळीच नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या मातांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंग, मृत्यू किंवा ऐकण्या-दिसण्यातले दोष वाढल्याचं त्यात आढळलं नाही. शेजारणीच्या सांगण्यापेक्षा हे वजनदार आहे. फक्त एक करा. रिपोर्टवर आणि बिलावर ‘कॉन्ट्रास्ट’ (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) लिहिलंय का ते बघा आणि दोन्ही कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

तपासणीआधीच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात ती उगाच नव्हे. सासू किंवा वडील शेजारी बसलेले असताना हा प्रश्न विचारला की उत्तर ‘नाही’च येतं. टेक्निशियनने तो कपडे बदलण्याच्या खोलीत, एकटीला विचारायला हवा. तिथेही कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा.

तिसावा आठवडा आहे, आधीची दोन सिझेरियन आहेत आणि वार (प्लासेंटा) खाली आहे. वार चिकटलीय का हे पाहायला एमआरआय सांगितला आहे. ‘कॉन्ट्रास्ट घेतलं तर फोटो स्पष्ट येतात, थोडेच पैसे जास्त,’ असं काउंटरवर म्हणाले. घ्यावं का? (हडपसर)

काउंटरवरच्या माणसाने हे बोलायलाच नको होतं. कॉन्ट्रास्ट ही बिलात वाढवायची ओळ नाही, ते शिरेतून दिलं जाणारं गॅडोलिनियमचं औषध आहे.

ते वारेतून बाळाच्या रक्तात जातं. बाळाच्या मूत्रपिंडांतून गर्भजलात उतरतं, बाळ तेच गर्भजल गिळतं आणि औषध पुन्हा पोटात येतं. आईच्या शरीरातून ते लघवीवाटे बरंचसं त्याच दिवशी निघून जातं, बाळाभोवती मात्र फिरत राहतं. गॅडोलिनियम एका रेणूच्या पकडीत बांधलेलं असतं. जितका काळ ते आत राहील, तितकी ही पकड सुटण्याची शक्यता जास्त, आणि धोका मोकळ्या गॅडोलिनियमचाच. ओंटारिओच्याच अभ्यासात, कॉन्ट्रास्ट दिलेल्या मातांच्या बाळांमध्ये सांध्यांचे आणि त्वचेचे दाहाचे विकार, तसंच मृत जन्म किंवा जन्मानंतर लवकर मृत्यू हे प्रमाण जास्त दिसलं. त्या अभ्यासावर आक्षेप आहेत : तुलना एमआरआय अजिबात न झालेल्या बायकांशी होती, कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय झालेल्यांशी नव्हे. पण गरजच नसताना ही जोखीम घ्यायची कशाला?

आणि गरज बहुतेक वेळा नसतेच. वार पाहायला टी-टू प्रकारची झटपट चित्रं तीन दिशांनी घेतात. वारेतले काळे पट्टे, गर्भाशयाचा फुगवटा, भिंत कुठे पातळ झालीय, हे सगळं त्यात दिसतं. त्यासाठी मूत्राशय अर्धवट भरलेलं हवं. पूर्ण रिकामं असेल तर गर्भाशय आणि मूत्राशय यांच्यामधली रेघ नीट कळत नाही, तुडुंब असेल तर बाई स्थिर पडत नाही. अठ्ठावीस ते बत्तीस आठवडे हा काळ यासाठी चांगला, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. आधीची सोनोग्राफी आणि डॉपलरचे रिपोर्ट बरोबर न्या, नाहीतर नेमकं कुठे बघायचं हेच आम्हाला ठाऊक नसतं.

अपेंडिक्स, मणका आणि पित्तनलिका कॉन्ट्रास्टशिवाय दिसतात. मेंदूतल्या शिरांमधली गुठळीसुद्धा वाहत्या रक्ताच्याच खुणेवरून, इंजेक्शन न देता शोधता येते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘विना कॉन्ट्रास्ट’ असं स्पष्ट लिहून घ्या. क्वचित एखादीला खरोखरच लागतं. तेव्हा रेडिओलॉजिस्टने स्वतः येऊन कारण सांगावं, तुमच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलावं आणि मग संमतीपत्र पुढे करावं. सुई टोचल्यावर सही घेणाऱ्यांना सही देऊ नका.

अंगावर पाजते आहे. कॉन्ट्रास्टनंतर चोवीस तास दूध फेकावं का? (वारजे)

गरज नाही. दिलेल्या औषधापैकी 0.04 टक्क्यांहून कमी दुधात उतरतं आणि त्यातलंही जेमतेम एक टक्का बाळाच्या आतड्यातून रक्तात जातं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

चौतिसावा आठवडा. उताणं झोपलं की गरगरतं. नळीत अर्धा तास कशी राहू? (कोथरूड)

उताणं झोपायचंच नाही. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब उतरतो. उजव्या कमरेखाली उशी देऊन डाव्या कुशीवर कलतं झोपवायला सांगा. पाय आधी आत न्यायला सांगा, म्हणजे तोंड नळीच्या कडेजवळ राहतं. नळी साठ सेंटीमीटर रुंद आहे की सत्तर, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. नवव्या महिन्यात त्या दहा सेंटीमीटरचा फरक चांगलाच जाणवतो.

हात पोटावर गुंफू नका आणि मांड्यांच्या मध्ये कापडी पॅड मागा. कातडीला कातडी चिकटून शरीरात वर्तुळ तयार झालं, की त्या जागी चटका बसू शकतो. पंखा चालू, चादर नको, कानात बोळे आणि वर हेडफोन. हातातला रबरी फुगा दाबला की आम्हाला इशारा मिळतो आणि आम्ही स्कॅन थांबवतो. गरगरलं की लगेच दाबा, ‘थोडंच राहिलं असेल’ म्हणून सोसत पडू नका. बाळाचाच एमआरआय असेल तर एकेक सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचा एक संच, वीसेक सेकंदांचा असतो. मध्येच बाळ हललं तर तो पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून नेमकी वेळ कुणी सांगू शकत नाही.

मंगळसूत्र, जोडवी काढलीच पाहिजेत का? सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही ना? (धनकवडी)

काढलीच पाहिजेत. सोनं खेचलं जात नाही, पण काळे मणी ओवलेली तार आणि आकडा सोन्याचाच आहे याची खात्री कोण देणार? शिवाय न खेचला जाणारा धातूही तापतो. ताईत, साडीच्या आतली सेफ्टी पिन, केसातल्या पिना, जरीचा काठ, चांदीचे धागे विणलेल्या लेगिंग्ज, दंडावरचा शुगर सेन्सर, औषधाची पट्टी : सगळं आधी सांगा. सेन्सर कधी काढायचा हे तुमच्या मधुमेहतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. पाय सुजल्यामुळे जोडवी अडकली असतील तर घरी साबण लावून काढा, नाहीतर सोनाराकडून कापून घ्या. आमच्या खोलीत पक्कड आणता येत नाही, कारण चुंबक रात्री आणि वीज गेल्यावरही चालूच असतं.

एमआरआयमध्ये मुलगा की मुलगी कळतं का? (पत्ता दिलेला नाही)

विचारू नका. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा फक्त सोनोग्राफीपुरता नाही.

पत्नीला आठवा महिना आहे. दोन दिवस डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिलाय. आई म्हणते, बाळंतपणानंतर बघू. (चिंचवड)

हे पत्र लिहिण्यात वेळ घालवायलाच नको होता. आत्ता जिथे प्रसूतीची सोय आहे अशा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि आधी रक्तदाब मोजून घ्या. वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूतल्या शिरेतली गुठळी, दोन्ही शक्यता असतात आणि दोन्हींत तास मोलाचे. स्वस्त पडतं म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सेंटरला रिक्षाने नेऊ नका. झटका आला तर तिथे प्रसूतितज्ज्ञ नसतो.

मी एमआरआय टेक्निशियन आहे, तिसरा महिना आहे. लेड (शिशाचा) ॲप्रन घालून काम करू का? (पिंपरी)

एमआरआयमध्ये लेड ॲप्रनचा काही उपयोग नाही. किरणांचा डोस मोजणारा तुमचा टीएलडी बॅजही तिथे काही नोंदवत नाही. पेशंट टेबलावर घेणं, कॉइल (शरीरातून येणारे सिग्नल पकडणारं उपकरण) बांधणं चालतं. स्कॅन सुरू असताना मात्र आत थांबू नका. पेशंट घाबरलाय म्हणून हात धरून उभं राहायचं असेल तर सहकाऱ्याला पाठवा. जड पेशंट एकटीने उचलू नका.

खरी काळजी आहे ती ड्युटीच्या तक्त्याची. छोट्या सेंटरांत सकाळी एमआरआय आणि दुपारी सीटी असं सर्रास चालतं. क्ष-किरणांच्या कामासाठी एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियम आहे : गरोदरपण कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये. पण तो लागू व्हायला तुम्ही कळवायला हवं. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आजच लेखी द्या, तोंडी सांगून भागणार नाही. पोचपावतीवर तारीख घालून घ्या.